न्यूरोचं ऑपरेशन समजून घ्यायचंय? आधी थर ओळखा, मग ट्रॉली आपोआप समजते

मधूनमधून एखादा व्हिडिओ फिरत असतो, पेशंट ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) टेबलवर आहे, डोकं उघडलेलं आहे, डॉक्टर मेंदूतली गाठ काढतायत आणि पेशंट चक्क गिटार वाजवतोय. बघणाऱ्याचा विश्वासच बसत नाही. ज्यांनी ओटी टेक्नॉलॉजीला ॲडमिशन घेतलीय त्यांना तर वेगळीच धडकी भरते, की उद्या न्यूरोला पोस्टिंग लागलं तर यातलं आपल्याला काय कळणार. ट्रॉली भरून इन्स्ट्रुमेंट, वर मायक्रोस्कोप, बाजूला ड्रिलचं मशीन, आणि सर्जन हळू आवाजात काहीतरी मागतात ते नाव कानावरून जातं.

मग बहुतेक जण काय करतात, तर नावं पाठ करायला बसतात. पेनफिल्ड एक ते पाच, केरिसन, लेक्सेल, ॲडसन. मला मनापासून वाटतं की ही सुरुवातच उलटी आहे. त्वचेपासून मेंदूपर्यंत जाताना वाटेत काय काय लागतं हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्या थराला काय लागणार हे सांगावं लागत नाही, आणि सर्जनने मागायच्या आधी तुमचा हात तिकडे जातो. म्हणून आज नावांच्या मागे न लागता थर बघूया.

## आधी मुळाशी: नर्व्हस सिस्टीम म्हणजे नेमकं काय काय

दोन भाग. एक सेंट्रल, म्हणजे मेंदू आणि त्याच्या खाली पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जारज्जू. दुसरा पेरिफेरल, म्हणजे यांच्यातून बाहेर पडून सगळ्या अंगभर गेलेल्या नसा. मेंदूशी थेट जोडलेल्या नसांच्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या. (बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, इथे नस म्हणजे नर्व्ह.)

मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर वापरतं त्यातला जवळपास २० टक्के ऑक्सिजन हा एकटा घेतो. आणि साठा करून ठेवायची सोय त्याच्याकडे नाही, त्यामुळे रक्त पूर्ण बंद झालं तर काही मिनिटांतच पेशी मरायला लागतात. त्यात मेंदूतल्या किंवा मज्जारज्जूतल्या तुटलेल्या तारा पुन्हा जोडल्या जात नाहीत असंच धरून चालायचं. हातापायातली नस त्यामानाने बरी, ती नीट शिवली तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने पुढे वाढू शकते. न्यूरोच्या ओटीत सगळे एवढे सावध का असतात त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

मेंदूतल्या जागा फार खोलात जाऊन सांगत नाही. पुढचा भाग हालचाल, निर्णय आणि बोलण्याचा, वरचा-मधला स्पर्शाचा, कानाजवळचा ऐकण्याचा आणि आठवणींचा, मागचा बघण्याचा, त्याखाली लहान मेंदू तोल सांभाळणारा आणि मध्ये ब्रेनस्टेम, ज्याच्यावर श्वास आणि हृदयाची लय अवलंबून आहे. पॉल ब्रोका या फ्रेंच सर्जनने १८६१ मध्ये दाखवलं की पेशंटला समजतं सगळं पण शब्द फुटत नाहीत तेव्हा बिघाड पुढच्या भागातल्या एका ठरावीक जागी असतो, आणि तेव्हापासून मेंदूत जागेला किती किंमत आहे ते कळत गेलं. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, उजवा मेंदू डावं अंग चालवतो आणि डावा उजवं.

## कवटी म्हणजे काठोकाठ भरलेला डबा

सगळ्या न्यूरोसर्जरीचा गाभा मला विचाराल तर हा आहे. मोठ्या माणसाची कवटी हा घट्ट झाकणाचा, काठोकाठ भरलेला डबा आहे, तो फुगत नाही. आत तीनच गोष्टी, साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मेंदूतलं पाणी, ज्याला सीएसएफ म्हणतात. यातली एक वाढली की दुसरी कमी व्हायलाच पाहिजे, नाहीतर प्रेशर वाढणार. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये हे मांडलं आणि आजही ते मन्रो-केली याच नावाने शिकवतात.

गाठ वाढली, रक्त साठलं, मेंदूला सूज आली, की आधी पाणी आणि शिरांमधलं रक्त बाहेर सरकून जागा करून देतं. म्हणून सुरुवातीला पेशंट ठीकठाक दिसतो. ती सोय संपली की मग प्रेशर एकदम उसळी मारतं. आडव्या झोपलेल्या मोठ्या माणसात हे प्रेशर साधारण ७ ते १५ एमएम एचजी (बीपी मोजायचं तेच माप) असतं, २०-२२ च्या वर टिकून राहिलं की डॉक्टर उपचार सुरू करतात. त्याहून वाढत गेलं तर मेंदू जिथे फट मिळेल तिथून सरकायला बघतो, आणि खाली ब्रेनस्टेम दाबला गेला तर श्वास थांबतो.

हे टेक्निशियनच्या कामात कुठे येतं? खूप ठिकाणी. मॉनिटरवर बीपी चढतंय आणि नाडी मात्र मंद होतेय, हे एकत्र दिसलं तर आतलं प्रेशर धोक्याच्या पातळीला गेलंय असं समजायचं, याला कुशिंग रिस्पॉन्स म्हणतात. पोझिशन देताना डोकं थोडं वर का ठेवतात आणि मान जास्त का पिळू देत नाहीत, तर मानेतल्या शिरा दाबल्या की रक्त आत तुंबतं आणि डब्यातली जागा कमी होते. मॅनिटॉल हे औषध का चढवतात, तर ते मेंदूच्या गरातलं पाणी (सीएसएफ नव्हे) रक्तात ओढून घेतं. थंड जागी ठेवलेल्या मॅनिटॉलच्या बाटलीत खडे जमतात, म्हणून ती आधी उजेडात धरून बघायची, खडे दिसले तर तशी लावायची नाही, आणि देताना फिल्टरचा सेट वापरायचा. कारण माहीत असलं की या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

## बाहेरून आत: एकेक थर आणि त्याची वस्तू

सुरुवात डोकं धरून ठेवण्यापासून. मेफील्ड नावाच्या क्लॅम्पच्या तीन पिना कवटीत रुततात आणि डोकं टेबलला पक्कं होतं. पिना लावताना झोपलेल्या पेशंटचंही बीपी झटकन चढतं, म्हणून लावायच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना मोठ्याने सांगायचं. तान्ह्या बाळांची कवटी पातळ असते, त्यांना पिना नाही लावत, मऊ घोड्याच्या नालाच्या आकाराचा हेडरेस्ट असतो.

मग स्कॅल्प, म्हणजे डोक्याची कातडी. डोक्याला छोटीशी खोक पडली तरी किती रक्त येतं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्याचं कारण असं की इथल्या रक्तवाहिन्या घट्ट तंतूंमध्ये अडकलेल्या असतात, कापल्या की आकसून बंद होऊ शकत नाहीत, उघड्याच राहतात. म्हणून चीर देताच कडेला एकामागून एक रेनी क्लिप लागतात, त्या ॲप्लिकेटरवर चढवून तयार ठेवायच्या आणि शेवटी मोजून परत घ्यायच्या.

त्याखाली हाड. आधी बर होल, म्हणजे गोल भोक. त्यासाठीचा परफोरेटर बिट हुशारीने बनवलेला असतो, पुढचा विरोध संपला की त्याचा क्लच सुटतो आणि तो फिरायचा थांबतो, त्यामुळे आत घुसत नाही. पण बिट हँडपीसमध्ये नीट लॉक झालाय ना हे ओढून बघणं स्क्रब करणाऱ्याचं, म्हणजे हात धुऊन सर्जनला वस्तू देणाऱ्याचं काम आहे, तिथे चूक परवडत नाही. ड्रिल चालू असताना दुसऱ्या हाताने सलाइनची धार सोडायची, नाहीतर हाड तापतं. हाडाचा भुगा लगेच फेकू नका, काही सर्जन तोच शेवटी भोकं बुजवायला वापरतात, आधी विचारून घ्या. मग क्रॅनिओटोम, म्हणजे हाड कापायचं यंत्र, त्याच्या टोकाला छोटं पाऊल असतं, ते हाडाखाली सरकत जातं आणि खालचं आवरण वाचवतं. हाडाच्या कडांमधून रक्त झिरपतं, तिथे बोन वॅक्स, म्हणजे मेण, दाबतात. कापून काढलेला हाडाचा तुकडा ओल्या सलाइनच्या गॉजमध्ये गुंडाळून वाटीत, लेबल लावून, आणि ती वाटी कुठे आहे हे टेबलवरच्या सगळ्यांना माहीत पाहिजे. तो खाली पडला तर पेशंटचं फार मोठं नुकसान आहे.

हाडाखाली तीन आवरणं. सगळ्यात बाहेर ड्युरा, जाड आणि चिवट. मग ॲरॅकनॉइड, अगदी तलम. आणि मेंदूला चिकटलेलं पाया मॅटर (इंग्रजीतलं pia). सीएसएफ वाहतं ते ॲरॅकनॉइड आणि पाया मॅटर यांच्या मध्ये. ड्युरा उघडताना छोट्या हुकने वर उचलतात, ब्लेडने बारीक छेद देतात आणि मग ड्युराची कात्री. इथे ट्रॉलीवर हद्द बदलते असं समजा. मोनोपोलर कॉटरी (करंटने कापणारं आणि रक्त थांबवणारं साधन) आता बाजूला जाते, हायड्रोजन पेरॉक्साइडची वाटी टेबलवरून उचलायची, पाणी कोमट सलाइनचं, आणि हातमोज्यांवर पावडर-रक्त असेल तर धुऊन घ्यायचे.

## बोटभर कापडाची पट्टी, पण तिच्यावर सगळं अवलंबून

कॉटनॉइडवर मी मुद्दाम थांबतो, कारण नवीन मुलं हिच्याकडे लक्षच देत नाहीत. मऊ, चपटी, पांढरी पट्टी, वेगवेगळ्या मापांची, एका बाजूला शेपटीसारखा दोरा आणि अंगात एक रेघ जी एक्स-रेमध्ये दिसते. सर्जन ती मेंदूवर ठेवतात आणि सक्शनचं टोक पट्टीवर टेकवतात, म्हणजे पाणी ओढलं जातं पण मेंदू ओढला जात नाही. म्हणून ती नेहमी ओली पाहिजे. कोरडी ठेवली तर मेंदूच्या बारीक वाहिन्यांना चिकटते आणि उचलताना त्या फाटतात. द्यायची पद्धतही ठरलेली, मापानुसार लावून ठेवायची, दोरा सर्जनच्या हाताच्या आड येणार नाही असा बाहेरच्या बाजूला. एखाद्याचा दोरा कापला गेला तर कापलेला तुकडाही जपून ठेवायचा आणि लगेच सांगायचं, कारण दोरा नसलेली रक्ताने भिजलेली पट्टी मेंदूच्या खाचेत दिसतच नाही. मोजणी जुळली नाही तर ड्युरा बंद होत नाही, मग कितीही वेळ झालेला असो.

बायपोलर कॉटरीचंही तसंच. साध्या म्हणजे मोनोपोलर कॉटरीत करंट पेशंटच्या अंगातून त्याला चिकटवलेल्या पॅडपर्यंत जातो, बायपोलरमध्ये तो फोरसेप्सच्या, म्हणजे चिमट्याच्या, दोन टोकांमध्येच राहतो, आजूबाजूची नस वाचते. डोक्याच्या ऑपरेशनमध्ये कॉटरी आणली हार्वे कुशिंग यांनी, १ ऑक्टोबर १९२६ ला, विल्यम बोव्ही यांचं मशीन घेऊन, रक्तस्राव होतो म्हणून आधी अर्धवट सोडाव्या लागलेल्या गाठीवर. त्याआधी कितीतरी गाठींना हातच लावता येत नव्हता. बायपोलर नंतर आला. त्याची टोकं दर वेळी ओल्या गॉजने पुसून परत द्यायची, ब्लेडने खरवडायची नाहीत, आणि वापर चालू असताना दोन-दोन थेंब पाणी. मायक्रोस्कोप सुरू झाल्यावर तर सर्जन डोळे वर करतच नाहीत, तुम्ही वस्तू त्यांच्या हातात अशी ठेवायची की बोटं न हलवता ती लगेच वापरता येईल, आणि टेबलला धक्का अजिबात लागू द्यायचा नाही, कारण तिथे तो धक्का कितीतरी पट मोठा होऊन दिसतो.

## रक्त कुठल्या थरात आहे यावर घाई ठरते

"ब्रेन हॅमरेज झालं" असं आपण सरसकट म्हणतो, पण थर कुठला यावर सगळं बदलतं. कानाच्या थोडं वर-पुढे कवटी पातळ असते आणि तिच्या आतून एक धमनी जाते, तिथे मार लागून हाड आणि ड्युराच्या मध्ये रक्त साठलं तर ते एक्स्ट्राड्युरल. सीटी स्कॅनवर भिंगासारखं फुगीर दिसतं. पेशंट मध्ये काही वेळ शुद्धीवर येऊन नीट बोलतो आणि मग अचानक कोसळतो. इथे मिनिटांचा हिशोब असतो, सेट उघडायला उशीर चालत नाही.

ड्युराच्या खाली, शिरांमधून साठलं तर सबड्युरल, सीटीवर चंद्रकोरीसारखं. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, त्या शिरा ताणल्या जातात, किरकोळ धक्क्यानेही हळूहळू आठवड्या-आठवड्यांनी रक्त साठत जातं, आणि घरच्यांना वाटतं वय झालं म्हणून विसरतायत. असं जुनं रक्त पातळ झालेलं असतं, एक-दोन बर होलमधून धुऊन काढता येतं. ताजं, गोठलेलं असेल तर भोकातून येत नाही, मोठं उघडावं लागतं.

त्याहून आत, सीएसएफच्या जागेत रक्त आलं तर बऱ्याचदा धमनीचा फुगा फुटलेला असतो. वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये असा फुगा त्याच्या मानेशी, म्हणजे फुग्याच्या अरुंद बुडाशी, क्लिप लावून पहिल्यांदा बंद केला. आता बरेच फुगे मांडीतून किंवा मनगटातून नळी नेऊन कॉइलने, म्हणजे बारीक तारेच्या वेटोळ्यांनी, भरतात. क्लिपिंगच्या केसला दोन सक्शन चालू आणि तपासलेले पाहिजेत, तात्पुरत्या आणि कायमच्या क्लिप वेगळ्या, ॲप्लायरवर चढवलेल्या, कारण फुगा मध्येच फुटला तर शोधाशोध करायला वेळच नाही.

## हाड काढून ठेवतात म्हणजे मेंदू उघडा राहतो का?

नाही. हाड कापून लगेच परत बसवलं तर ती क्रॅनिओटॉमी. मेंदू एवढा सुजलाय की परत बसवलं तर तो दाबला जाईल, अशा वेळी हाड न बसवता फक्त स्कॅल्प शिवतात, ती क्रॅनिएक्टॉमी. डब्याचं झाकणच काही दिवस काढून ठेवलं, म्हणजे सुजेला जागा मिळते. हाड एकतर डीप फ्रीजरमध्ये ठेवतात किंवा पेशंटच्याच पोटाच्या त्वचेखाली, आणि सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी-महिन्यांनी परत बसवतात, त्याला क्रॅनिओप्लास्टी. हाड खराब झालं असेल तर टायटॅनियम किंवा दुसऱ्या मटेरियलचं. तोवर त्या बाजूला वजन येऊ द्यायचं नाही, शिफ्ट करताना टीममधल्या प्रत्येकाला कुठल्या बाजूला हाड नाही ते माहीत पाहिजे.

## डोक्यात पाणी झालंय

सीएसएफ रोज साधारण ५०० मिलिलिटर तयार होतं पण एका वेळी आत असतं १५० च्या आसपास, म्हणजे ते दिवसातून तीनेक वेळा बदलतं. मेंदूतल्या पोकळ्यांमधून अरुंद वाटांनी बाहेर येतं आणि शेवटी रक्तात शोषलं जातं. वाट अडली तरी तयार व्हायचं थांबत नाही, हाच हायड्रोकेफॅलस. मग व्हीपी शंट, म्हणजे मेंदूच्या पोकळीतून कातडीखालून थेट पोटात नेलेली नळी, मध्ये व्हॉल्व्ह.

ऑपरेशन दिसायला छोटं, पण इन्फेक्शनचं भय सगळ्यात जास्त. शंटचं पाकीट शेवटच्या क्षणी फोडायचं, नळी टॉवेलवर ठेवायची नाही कारण सिलिकॉनला धागे-धूळ चिकटतात, हात कमीत कमी लावायचा, ओटीत माणसं कमी आणि दार बंद. तात्पुरतं पाणी बाहेर काढायचं असेल तर ईव्हीडी, म्हणजे मेंदूच्या पोकळीतून अंगाबाहेर काढलेली नळी, त्याची पातळी कानाच्या भोकाशी जुळवतात. टेबल वर-खाली करायच्या आधी किंवा पेशंट हलवायच्या आधी ती क्लॅम्प करायची आणि नंतर आठवणीने उघडायची. नाहीतर एकतर पाणी भसकन निघून जातं किंवा आत साठत राहतं.

## "मणक्याचं ऑपरेशन केलं की पाय जातात"

हे इतक्या वेळा ऐकू येतं की उत्तर दिलंच पाहिजे. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याखाली सुट्या नसांचा जुडगा असतो. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबते ती जास्त करून कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी किंवा त्याखाली, म्हणजे मज्जारज्जू संपल्याच्या खूप खाली. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, नसेला इजा होऊ शकते, ड्युरा फाटून पाणी गळू शकतं, पण कमरेची गादी काढणं आणि मानेतल्या मज्जारज्जूजवळ काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कमरेच्या ऑपरेशनला पेशंट पालथा असतो आणि पोट मोकळं लोंबतं ठेवायचं. पोट दाबलं की तिथली मोठी शीर दाबली जाते, रक्त मणक्याभोवतीच्या शिरांमध्ये तुंबतं आणि सर्जनला आत नुसतं रक्त दिसतं. डोळ्यांवर दाब नाही हे दर थोड्या वेळाने बघायचं. आणि मणका कुठला ते बोटाने मोजून चालत नाही, सी-आर्मचा (ओटीतल्या एक्स-रे मशीनचा) फोटो घेऊनच.

## मग तो गिटारवाला जागा कसा?

कारण मेंदूच्या गराला दुखणं कळतच नाही, तसे रिसेप्टर तिथे नाहीत. दुखतं ते स्कॅल्प आणि ड्युराला, तिथल्या नसांना इंजेक्शनने बधिर करतात. गाठ बोलण्याच्या किंवा हाताच्या जागेला लागून असेल तर सर्जन तिथे बारीक करंट देऊन बघतात, पेशंटचा शब्द अडखळला की ती जागा सोडून देतात. त्या करंटने कधी कधी फिट येते, म्हणून थंडगार सलाइन किंवा रिंगर (सलाइनसारखंच द्रावण) आधीच भरून ठेवतात, मेंदूवर ओतलं की फिट थांबायला मदत होते. पेशंटला सगळं ऐकू येतंय हे लक्षात ठेवून बोला. "अरे रक्त बघ" हे वाक्य तिथे उच्चारायचं नाही.

## पण टेक्निशियनला एवढं कशाला हवं?

सीटीचा फोटो लावताना पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. अंग डावं लुळं, गाठ उजवीकडे, फोटोत दिसते डावीकडे. रात्रीच्या इमर्जन्सीत, दमलेल्या टीममध्ये, बाजू चुकायला एवढं पुरतं. २००८ मध्ये डब्ल्यूएचओने सर्जरीची चेकलिस्ट आणली त्यात चीर द्यायच्या आधी थांबून पेशंट, ऑपरेशन आणि बाजू मोठ्याने म्हणायचा टप्पा याचसाठी आहे, आणि बोलायचा हक्क खोलीतल्या प्रत्येकाला आहे, सगळ्यात ज्युनियरलाही. तो हक्क वापरायला आपल्याला काय बघतोय ते कळायला हवं.

एक गोष्ट फारशी शिकवत नाहीत म्हणून सांगतो. क्रुट्झफेल्ड-याकोब नावाचा मेंदूचा दुर्मिळ आजार प्रिऑन या बिघडलेल्या प्रोटीनमुळे होतो, आणि ते नेहमीच्या ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं मशीन) सायकलने नष्ट होत नाही. संशय असेल तर शक्य तितकं डिस्पोजेबल वापरायचं, इन्स्ट्रुमेंट सुकू द्यायची नाहीत, इतर सेटमध्ये मिसळायची नाहीत आणि वेगळ्या प्रोटोकॉलने हाताळायची. त्यामुळे कारण न कळलेल्या, झपाट्याने वाढलेल्या विस्मरणाच्या पेशंटची बायोप्सी लिस्टवर दिसली, तर सेट उघडायच्या आधीच सर्जनना तसं विचारून घ्या, कारण एकदा सेट वापरून झाला की तो कुठल्या कुठल्या पेशंटला लागला ते शोधत बसावं लागतं.